अननसातील कुज व मर : ओळख आणि बंदोबस्त



रत्नागिरी जिल्ह्यातील नारळ-सुपारीच्या आगरांना अननस नवा नाही. दक्षिण अमेरिकेतील हे फळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि येताना स्वतःचे नावही तिकडचेच घेऊन आले. उष्ण व दमट हवा, जांभ्याची आम्लधर्मी जमीन आणि माडाची विरळ सावली त्याला चांगली मानवली. माडाच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेत हे पीक सहज बसते, त्याला पाणी बेताचे लागते आणि एकदा केलेली लागवड खोडव्यासह तीन-चार वर्षे फळे देते.

हा शेवटचा गुण जितका फायद्याचा, तितकाच सावधगिरीचा आहे. भाताचे रोप एका हंगामात बिघडले, तर पुढच्या वर्षी दुसरे बियाणे घेता येते. अननसाचा फुटवा मात्र रोगट निघाला, तर तो रोग तीन-चार वर्षे आपल्या जागेत मुक्काम करतो आणि त्याच झाडाचे फुटवे शेजाऱ्याला दिले, तर त्याच्याही बागेत जातो. म्हणून अननसातील रोगांचा बंदोबस्त फवारणीच्या पंपाने सुरू होत नाही. तो बेणे निवडताना आणि लागवडीची जागा आखताना सुरू होतो. या लेखात अननसावरील तीन मुख्य रोग, ते एकमेकांपासून कसे ओळखावेत आणि त्यांचा बंदोबस्त कसा करावा, याची माहिती दिली आहे.

आधी ओळख, मग औषध

अननसाचे झाड पिवळे-लाल पडले की बहुतेक बागायतदार 'मर लागली' असे म्हणून दुकानातून मिळेल ते औषध आणतात. परंतु पाने लाल होण्याची कारणे निरनिराळी आहेत. बुरशीच्या रोगावर कीटकनाशक मारले किंवा किडीपासून आलेल्या मरीवर बुरशीनाशक ओतले, तर पैसा जातो आणि रोग राहतो. त्यासाठी आजारी झाडाची पुढील तीन प्रकारे तपासणी करावी. याला पाच मिनिटे पुरतात.

१) मधला पोंगा धरून हलकेच वर ओढावा. पोंगा सहज निघून हातात आला, त्याचा पांढरा बुडखा कुजून मऊ झाला असेल व घाण वास येत असेल, तर तो पोंगा कुजण्याचा रोग समजावा.

२) पोंगा घट्ट असेल, तर खालची पाने बुंध्यापासून फाकवून आत पाहावे. पानांच्या बेचक्यात व मुळांजवळ पीठ लावल्यासारखे पांढरट आवरण असलेले गुलाबी किडे आणि मुंग्यांची ये-जा दिसली, तर पिठ्या ढेकणामुळे येणारी मर समजावी.

३) झाड बुंध्यातून हलत असेल व किंचित ओढताच जमिनीलगत तुटून येत असेल, तर तुटलेला भाग पाहावा. तो काळा पडलेला, आतला गर नाहीसा होऊन नुसते धागे राहिलेले असतील, तर बुंधा कुजणे हा रोग समजावा. हा विशेषतः नव्या लागवडीत आढळतो.

१. पोंगा कुजणे

हा रोग फायटोप्थोरा या बुरशीमुळे होतो. सुपारीवरील कोळेरोग आणि माडाचा कोंब कुजणे हे आपल्या परिचयाचे रोग याच कुळातील बुरशींमुळे होतात. त्यामुळे आगरात काम करणाऱ्या शेतकऱ्याला या बुरशीचा स्वभाव नव्याने सांगावा लागत नाही. तिला पाणी हवे असते. साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू पोहत जाऊन मुळांना व कोवळ्या भागाला लागतात. पावसाचे थेंब मातीवर आपटून जी माती पोंग्यात उडते, तिच्याबरोबरही बुरशी झाडात शिरते.

लक्षणे : सुरुवातीला मधली कोवळी पाने फिकट पिवळी, नंतर तांबूस-तपकिरी होतात. बाहेरची जुनी पाने मात्र काही दिवस हिरवीच दिसतात. पुढे पोंगा कुजतो व झाड मरते. कधी कधी बुंध्यातून बाजूने नवे फुटवे येतात, परंतु हंगाम वाया जातो.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मि.मी. हून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे या रोगाचा खरा उपाय निचरा हाच आहे.

बंदोबस्त :

- लागवड सपाट वाफ्यात न करता २० ते ३० सें.मी. उंचीच्या गादीवाफ्यावर करावी. वाफ्यांमधील चर उताराच्या दिशेने काढून आगराबाहेर पाणी जाईल अशी सोय करावी. माडाच्या आळ्यातील पाणी अननसाच्या ओळीत उतरणार नाही, हे पाहावे.
- जून-जुलैमधील मुसळधार पावसात लागवड करू नये. पाण्याची सोय असल्यास पावसाआधी मे महिन्यात लागवड करून मुळे धरू द्यावीत. अन्यथा पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागवड करावी.
- फुटवा खोल लावू नये. बुंधा मातीत घट्ट बसावा, पण पोंग्यात माती जाऊ नये.
- दोन ओळींमध्ये भाताचा पेंढा, वाळलेले गवत किंवा तुकडे केलेल्या झावळ्या यांचे आच्छादन घालावे. त्यामुळे माती उडत नाही व तणही कमी राहते.
- अननसाच्या वाफ्यात चुना टाकू नये. ही बुरशी आम्लधर्मी जमिनीत दबून राहते व सामू वाढला की बळावते. इतर पिकांसाठी चुना किंवा मोठ्या प्रमाणात राख टाकलेल्या जागी रोगाचा धोका अधिक असतो.
- पावसाळ्यापूर्वी चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून वाफ्यात द्यावी. रासायनिक बुरशीनाशक व ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नयेत.
- रोगट झाड मुळासकट उपटून आगराबाहेर नष्ट करावे. ते चरात किंवा खतखड्ड्यात टाकू नये. त्या जागी व आजूबाजूच्या झाडांच्या बुंध्याभोवती १ टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. मिश्रण कोवळ्या पोंग्यात ओतू नये, कारण तांब्यामुळे कोवळी पाने भाजण्याचा संभव असतो. पोंग्यासाठी फोसेटिल एएल २ ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात वापरतात.

बोर्डो मिश्रण करताना १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवून दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतावीत. भांडी लाकडी, मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत. तयार मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला, तर आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

२. पिठ्या ढेकूण आणि मर

अननसाचे कायमचे नुकसान करणारा रोग हाच होय. पिठ्या ढेकूण ही कीड पानांच्या बेचक्यात व मुळांवर राहून रस शोषते. तिच्या अंगातून चिकट गोड स्राव बाहेर पडतो. तो खाण्यासाठी मुंग्या येतात. या मुंग्या पिठ्या ढेकणांना शत्रुकीटकांपासून राखतात, त्यांच्याभोवतीचा चिकटा साफ ठेवतात आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेऊन सोडतात. जणू गुरे राखावीत, तसे मुंग्या ही कीड राखतात.

हवाई बेटांवरील मोठ्या अननस मळ्यांत १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर कार्टर या कीटकशास्त्रज्ञाने मर आणि पिठ्या ढेकूण यांचा संबंध दाखवून दिला. पुढे या रोगात विषाणूचाही हात असल्याचे आढळले. रोग दिसण्यासाठी विषाणू आणि पिठ्या ढेकूण ही दोन्ही लागतात, असे तेथीलच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. विषाणूवर औषध नाही, परंतु कीड आवरली तर रोग आवरतो.

लक्षणे : पाने प्रथम लालसर, नंतर गुलाबी-पिवळी होतात. त्यांचा ताठपणा जातो, टोके खाली वळतात व शेंड्याकडून वाळू लागतात. झाड उपटले तर मुळे वाळलेली किंवा कुजलेली दिसतात. फळ धरले तरी ते लहान व तंतुमय राहते. रोग बहुधा बागेच्या कडेच्या ओळींत प्रथम दिसतो. आपल्याकडे गडग्यालगतच्या किंवा बांधालगतच्या ओळी म्हणूनच आधी तपासाव्यात, कारण मुंग्यांची घरे दगडांच्या फटीत व न खणलेल्या जागेत असतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मर लागलेले झाड काही वेळा पुन्हा नवी हिरवी पाने काढते व बरे झाल्यासारखे दिसते. परंतु त्याच्या अंगात विषाणू राहतो. अशा सुधारलेल्या झाडाचे फुटवे दिसायला चांगले असले, तरी ते लागवडीसाठी घेऊ नयेत व कोणाला देऊही नयेत.

बंदोबस्त :

- मर न लागलेल्या बागेतीलच फुटवे घ्यावेत. निवडीची पद्धत पुढे दिली आहे.
- गडग्याच्या कडेचे गवत काढावे. ही कीड गवताच्या मुळांवरही राहते. मुंग्यांची घरे शोधून खणून नष्ट करावीत.
- मुंग्यांसाठी १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर व १० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते पाणी भोके पाडलेल्या झाकणबंद डब्यांत कडेच्या ओळींतून ठेवावे. मुंग्या हे आमिष घरट्यात नेतात. परिणाम सावकाश होतो, म्हणून डबे दोन-तीन आठवडे भरते ठेवावेत व पावसापासून जपावेत. मुले, गुरे व कोंबड्या यांच्यापासून ते दूर ठेवावेत.
- कीड थोड्या झाडांवर असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी हे जैविक कीडनाशक ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळच्या वेळी पानांच्या बेचक्यात पोहोचेल असे फवारावे. हवेत दमटपणा असताना ते चांगले काम करते. वरवर फवारल्यास उपयोग होत नाही, कारण कीड आत लपलेली असते.
- पूर्ण वाळलेली झाडे मुळांसह काढून जाळावीत.
- ओळीच्या ओळी मरू लागल्या, तर खोडव्याचा मोह न धरता बाग मोडावी. जुने बुंधे व मुळे वेचून काढावीत आणि एक हंगाम कुळीथ, चवळी किंवा तागासारखे पीक घेऊन मगच नवीन अननस लावावा.

३. बुंधा कुजणे आणि फळाची काळी कुज

हे दोन्ही रोग थिलॅव्हिऑप्सिस या एकाच बुरशीमुळे होतात. माडाच्या खोडातून लालसर-तपकिरी रस पाझरण्याचा जो रोग आपण पाहतो, तोही याच बुरशीचा. घाटावर ऊस लावणाऱ्यांना ती वेगळ्या नावाने माहीत आहे. बेण्याच्या कांड्या कुजून त्यांना पिकलेल्या अननसाचा वास येतो, म्हणून उसावरील त्या रोगाला 'अननस रोग' असेच म्हणतात. ही बुरशी निरोगी सालीतून शिरू शकत नाही. तिला जखम लागते. म्हणून जखम कोठे होते, हे पाहिले की उपाय सापडतो.

पहिली जखम फुटवा तोडताना होते. ताजा तोडलेला, रस गळणारा फुटवा लगेच ओल्या जमिनीत लावला की बुरशी तुटलेल्या बुडख्यातून आत जाते व बुंधा कुजतो. दुसरी जखम फळ काढताना देठाशी होते. तिसरी फळे फेकताना, टोपलीत दाबताना व ट्रकमध्ये रचताना होते. रोगट फळावर अंगठा दाबला की साल आत जाते, आतील गर पाणचट होतो, पुढे काळा पडतो व आंबट-गोड वास येतो. बाहेरून चांगले दिसलेले फळ मुंबईच्या बाजारात पोहोचेपर्यंत आतून गेलेले असते आणि पेटीतील एका फळाने शेजारच्या फळांचाही भाव पडतो.

बंदोबस्त :

- फुटवे तोडल्यावर बुडाकडील वाळकी पाने काढून बुडखा वर व पोंगा खाली अशा स्थितीत सावलीत हवेशीर जागी सुमारे एक आठवडा सुकवावेत. ढीग करू नये.
- फळ पिरगळून न काढता धारदार कोयत्याने ३ ते ५ सें.मी. देठ ठेवून कापावे. पाऊस चालू असताना काढणी टाळावी.
- फळे जमिनीवर न टाकता टोपलीत पेंढ्यावर ठेवावीत. उन्हात ठेवू नयेत.
- चेचलेली, चिरलेली, पक्ष्यांनी टोचलेली फळे वेगळी काढून जवळच्या बाजारात किंवा जॅम, स्क्वॅश करण्यासाठी त्याच दिवशी वापरावीत. ती चांगल्या मालात मिसळू नयेत.
- कुजलेली फळे व साली आगरात पसरू नयेत. त्या पुराव्यात.

रोग नव्हेत असे दोष

एप्रिल-मे महिन्यांत पाणी व नत्र कमी पडले की पाने लालसर होतात. पण ती ताठ असतात, मुळे पांढरी व जिवंत असतात आणि पाणी व खत दिल्यावर झाड पुन्हा हिरवे होते. हा रोग नाही. फळ एका बाजूला कलंडले की उन्हाच्या बाजूची साल पिवळी, मग तपकिरी होऊन आतला गर फोकसा होतो. हा उन्हाचा चट्टा होय. अशी फळे पेंढ्याने झाकावीत किंवा त्याच झाडाची लांब पाने फळावर ओढून सैल बांधावीत. या दोन्ही दोषांवर औषधाचा खर्च करू नये.

बेण्याची निवड : सर्वांत स्वस्त औषध

अननसाची लागवड बुंध्यातून येणारे फुटवे, फळाच्या देठावरील पिल्ले किंवा फळावरील शेंडा यांपासून करतात. फुटवे लावल्यास फळ लवकर मिळते. क्यू जातीची लागवड जोडओळ पद्धतीने दोन झाडांत ३० सें.मी., दोन ओळींत ६० सें.मी. व दोन जोडओळींत ९० सें.मी. अंतर ठेवून केली, तर सलग लागवडीत हेक्टरी सुमारे ४४,००० फुटवे लागतात. आंतरपिकात ही संख्या जागेप्रमाणे कमी होते. इतके बेणे एकदम लागत असल्याने 'मिळेल ते घ्या' ही प्रवृत्ती होते आणि रोग तिथूनच घरात येतो.

बेण्याची निवड फुटवे तोडण्याच्या दिवशी करू नये. बागेत फळे उभी असतानाच करावी. त्या वेळी चांगल्या आकाराचे फळ असलेली, हिरव्या ताठ पानांची व मुंग्या नसलेली झाडे निवडून त्यांना सुतळी बांधावी. ज्या ओळीत एक जरी मर लागलेले झाड असेल, त्या ओळीतील व लगतच्या ओळींतील झाडे सोडून द्यावीत. काढणीनंतर सुतळीच्या झाडांचेच ४०० ते ५०० ग्रॅम वजनाचे, सारख्या आकाराचे फुटवे घ्यावेत. बाहेरून बेणे घ्यायचे असल्यास फुटवे पाहून सौदा न करता आधी बाग पाहावी.

निवडलेले फुटवे वर सांगितल्याप्रमाणे सुकवून झाल्यावर १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून त्यात बुडाकडचा भाग १० ते १५ मिनिटे बुडवावा, निथळू द्यावा व मग लावावा. हे काम रबरी हातमोजे घालूनच करावे.

औषधांबाबत खबरदारी

घरात जपून ठेवलेल्या जुन्या पुस्तिकांत पिठ्या ढेकणासाठी फोरेट दाणेदार किंवा मिथिल पॅराथिऑन यांची शिफारस आढळेल. ती आता पाळू नये. मिथिल पॅराथिऑनवर २०१८ साली आणि फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आली आहे. अननसाचे फळ कच्चेच खाल्ले जाते, हे ध्यानात ठेवून फळ धरल्यावर कीटकनाशक फवारण्याचे शक्यतो टाळावे. कोणतेही औषध घेताना त्याच्या वेष्टनावर पिकाचे नाव, प्रमाण व काढणीपूर्वी किती दिवस थांबावे हे वाचावे. शंका असल्यास जवळचे कृषी विज्ञान केंद्र, कृषी अधिकारी किंवा दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडून चालू शिफारस विचारून घ्यावी. विचारायला जाताना रोगट झाड मुळांसह व थोड्या मातीसह कागदात गुंडाळून न्यावे. नुसते पान नेल्यास रोगाची ओळख पटत नाही.

वर्षभराचे काम

एप्रिल-मे : चर मोकळे करावेत, गादीवाफ्यांची डागडुजी करावी, आच्छादन घालावे. फळांना उन्हापासून झाकावे. मुंग्यांचे आमिष ठेवावे.

जून-जुलै : मुसळधार पाऊस थांबला की आगरात फेरी मारावी व पाणी कोठे साचते ते पाहून त्याच दिवशी वाट काढून द्यावी. संशयित झाडांचा पोंगा ओढून पाहावा.

ऑगस्ट-सप्टेंबर : कुजलेली झाडे काढावीत, सुकवलेल्या बेण्याने लागवड करावी.

ऑक्टोबर-डिसेंबर : गडग्याची कड साफ करावी. कडेच्या ओळींत पिठ्या ढेकूण आहे का, ते पंधरा दिवसांतून एकदा पाहावे.

जानेवारी-मार्च : बेताने पाणी द्यावे. कडेच्या ओळींची पाहणी चालू ठेवावी.

काढणीचा काळ लागवड कोणत्या महिन्यात केली यावर अवलंबून राहील. फळ झाडावर उभे असेल, त्या वेळी सुतळीची झाडे निवडण्यास विसरू नये.

बंधू-भगिनींनो, अननसाच्या रोगांना महागडे उपाय क्वचितच लागतात. चरातून वाहते पाणी, सुकवलेला फुटवा, मुंग्यांवर नजर आणि हळुवार काढणी या चार गोष्टी सांभाळल्या, तर आपली बाग चौथ्या वर्षीही उभी राहील आणि आपण शेजाऱ्याला दिलेला फुटवा त्याच्या आगरात रोग नेणार नाही.